देखणेपणाचें ऋण

कर्वेनगराकडून वारज्याला येणारा रस्ता जेथें मुंबई-बंगळूर महामार्गाला भेटतो, तेथें क्षणभर उभें राहून वर पाहिलें असतां दोन जातींच्या पाट्या दृष्टीस पडतात. एक जात मार्गदर्शक फलकांची. सातारा कोणत्या अंगाला आणि मुंबई कोणत्या, एवढेंच त्या सांगतात. अक्षरें मोठीं, पांढरीं आणि सुटसुटीत. भरधाव गाडींतील मनुष्यास तीं एका दृष्टिक्षेपांत वाचतां यावींत, याहून अधिक महत्त्वाकांक्षा त्यांस नाहीं. दुसरी जात जाहिरातींची. त्यांवर निळें आकाश असतें, ज्या टेकडीचा निम्मा भाग केव्हांच खणला गेला तिच्यावर हिरवळ असते, हसरें कुटुंब असतें, आणि किंमतीचा आंकडा मोठ्या अक्षरांत देऊन त्याच्या डोक्यावर एक चिमुकली चांदणी लावलेली असते. त्या चांदणीचा अर्थ तळाशीं अशा बारीक अक्षरांत दिलेला असतो कीं, तो वाचावयास शिडीच लावावी लागेल. पहिली पाटी वाचून कोणी थांबूं नये अशी तिची योजना. दुसरीची सारी धडपड थांबविण्यासाठीं. गेलीं कित्येक वर्षें मी या रस्त्यानें जात-येत आहें. परंतु या दोन जातींतील भेद हा नीतिशास्त्राचा विषय आहे, असें माझ्या मनांत कधीं आलें नव्हतें. तें आलें तें एका भाजणीच्या पुडीमुळें.

आमच्या इमारतींत एक काकू राहतात. सारी इमारत त्यांस काकूच म्हणते. मी त्यांच्याहून चार वर्षांनीं वडील असूनहि मला दुसरें संबोधन सुचत नाहीं. यजमान गेल्यानंतर त्यांनीं थालिपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाचें उपवासाचें लोणचें असे जिन्नस करून विकण्यास आरंभ केला. प्रथम शेजारपाजारीं, मग माळवाडींतील दोन दुकानांत. आतां त्यांचीं जुनीं गिऱ्हाइकें मुलांकडे परगांवीं गेलीं, दुकानदारांनीं मोठ्या कारखान्यांच्या पुड्या ठेवण्यास सुरुवात केली, आणि काकूंच्या हातांत कसब असून मागणी कमी, अशी अवस्था झाली. माझा भाचा संकेतस्थळें रेखण्याचा व्यवसाय करतो. त्यानें काकूंसाठीं एक संकेतस्थळ विनामूल्य करून देण्याचें कबूल केलें. मजकुराचें शुद्धलेखन पाहण्याच्या निमित्तानें मी त्या बैठकीस हजर होतों.

पान खरोखर देखणें झालें होतें. पितळी डब्यांत भाजणी, शेजारीं पळीवाढा लोण्याचा गोळा, मागें ओसरीचा काळोख. रंग मोजके, अक्षरें ठाशीव. काकू कौतुकानें पाहत होत्या. इतक्यांत त्यांची दृष्टि भाजणीच्या चित्राखालीं लाल अक्षरांत लिहिलेल्या ओळीवर गेली. "फक्त तीन पुड्या शिल्लक! एकवीस जण आतां हें पाहत आहेत."

"अरे, पण बुधवारीं मी पुन्हां दळून आणणार आहें ना? तीनच कशाला म्हणायचें?" काकूंनीं विचारलें. "आणि हीं एकवीस माणसें कोणतीं?"

"तें तसं नसतं, काकू. असं लिहिलं कीं लोक लौकर मागणी नोंदवतात. सगळीकडे असतंच हें."

"दारांत आलेल्या बाईला मी असं सांगेन का रे?"

भाच्यानें माझ्याकडे पाहिलें. "मामा, तुम्हीच समजवा यांना." मला त्या वेळीं कांहींच समजावितां आलें नाहीं. पुढील विवेचन म्हणजे त्या प्रसंगीं न सुचलेलें उत्तर होय.

भाच्याच्या व्यवसायांत एक सूत्र वारंवार ऐकूं येतें. संकेतस्थळ डोळ्यांस गोड वाटलें पाहिजे, पाहुण्याचें काम त्यावर सुलभपणें झालें पाहिजे, आणि मालकाचा धंदा वाढला पाहिजे. या तिहींचा समतोल साधणें म्हणजे उत्तम रेखन. सूत्र ऐकावयास निर्दोष आहे. त्यावर कोणी आक्षेप घ्यावा असें त्यांत कांहीं दिसत नाहीं, आणि म्हणूनच तें मला संशयास्पद वाटतें. आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या काळीं कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, हा वाद मोठ्या आवेशानें लढला गेला. त्या वादांत दोनच पक्षकार होते. कलेचा तिसरा धनी, म्हणजे जो तिचें मोल देतो आणि तिच्याकडून मोल वसूल करूं इच्छितो तो, दाराबाहेर उभा होता. आज तो आंत येऊन बसला आहे. त्याचें येणें अयोग्य, असें मी म्हणत नाहीं. काकू स्वतःच तो तिसरा धनी आहेत आणि त्यांच्या घरांतील दिवा या विक्रीवर चालतो. प्रश्न असा कीं, या तिघांस एकाच तराजूंत घालावें काय?

समतोल हा शब्दच पाहा. वाण्याच्या तागडींत एका पारड्यांत माल असतो, दुसऱ्यांत वजन. वाणी स्वतः पारड्यांत बसत नाहीं; तो तागडी धरतो. संकेतस्थळाचा मालक मात्र तागडीहि धरतो आणि एका पारड्यांत आपला लाभ घालून दुसऱ्यांतील पाहुण्याच्या सोयीशीं त्याची बरोबरी करतो. अशा तोलण्यांत काटा कोणीकडे झुकेल हें सांगावयास ज्योतिषी नको. पाहुण्यास तर तागडी दिसतहि नाहीं. त्यास फक्त पितळी डबा दिसतो.

तीन हेतु एका वस्तूंत सुखानें नांदूं शकतात, याविषयीं मात्र मला शंका नाहीं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा. १७३२ सालीं पेशवे या वाड्यांत राहावयास आले. त्या दरवाजाची भव्यता पाहणाऱ्याच्या मनावर धाक बसविते. त्याच्या फळ्यांवरील पोलादी खिळे हत्तीच्या गंडस्थळाचा विचार करून बसविलेले आहेत, म्हणजे धन्याचा स्वार्थहि तेथें स्पष्ट आहे. आणि त्याच प्रचंड फळीच्या पोटांत एक लहानशी दिंडी आहे, जींतून रोज येणाऱ्या-जाणाऱ्यानें वांकून आंत जावें आणि वांकूनच बाहेर यावें. थाट, संरक्षण आणि रोजची सोय, सर्व कांहीं तेथें आहे, आणि कोणतेंहि दुसऱ्याचें सोंग घेऊन आलेलें नाहीं. खिळा हा खिळा म्हणूनच दिसतो. हत्तीलाहि तो दिसावा हाच त्याचा हेतु!

याहून जवळचें उदाहरण छापखान्याचें. जावजी दादाजी चौधरी यांचें शिक्षण बेताचें. लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत नोकरी करून ते टाइप ओतण्याची विद्या शिकले. १८६९ सालीं त्यांनीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरें कोरणारा कसबी कारागीर त्यांस लाभला, आणि देवनागरी पानास जें रूप त्यापूर्वीं क्वचितच लाभलें होतें तें प्राप्त झालें. ज्यांनीं निर्णयसागरची जुनी संस्कृत पुस्तकें हाताळलीं आहेत त्यांस त्या अक्षरांची वळणें अजून आठवत असतील: जोडाक्षर कितीहि अवघड असो, त्याचा प्रत्येक अवयव वेगळा दिसतो. जावजी हे कांहीं धर्मादाय संस्था चालवीत नव्हते. पुस्तकें खपावींत, पंचांगें घरोघरीं जावींत, ही त्यांची इच्छा होती आणि ती पुरी झाली. परंतु त्यांच्या धंद्याचा लाभ आणि वाचकाच्या डोळ्यांचा लाभ हे एकाच बाजूस होते. अक्षर जितकें सुंदर तितकें वाचावयास सोपें, जितकें सोपें तितका खप अधिक. तेथें तागडीची गरजच पडली नाहीं. याच छापखान्याच्या काव्यमालेंत क्षेमेंद्राची औचित्यविचारचर्चा प्रसिद्ध झाली. कंबरेची मेखला गळ्यांत आणि गळ्यांतील हार कंबरेला बांधणारा माणूस हास्यास पात्र होतो, अलंकार योग्य स्थानींच शोभतो, हा अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडिताचा विचार ज्या खिळ्यांनीं छापला गेला त्यांनींच तो आधीं आचरून दाखविला होता.

छापील पानावरून पडद्यावर येतां येतां हें औचित्य बरेंच सांडलें. मराठी संकेतस्थळांच्या आरंभकाळीं प्रत्येकाचा फाँट निराळा. तो आपल्या यंत्रांत उतरवून घेतला नाहीं तर पानभर अगम्य चिन्हें उमटत. युनिकोडमुळें ती विपत्ति टळली. र. कृ. जोशी यांनीं रेखलेलें 'मंगल' हें अक्षर विंडोज् प्रणालीबरोबर घरोघरीं पोहोंचलें, आणि अनेक वर्षें पडद्यावरील मराठीचा चेहरा म्हणजे तेंच होतें. त्याच्या रूपाविषयीं नाकें मुरडणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्या काळच्या खरबरीत पडद्यावर मोजक्या ठिपक्यांत वेलांट्या, मात्रा आणि उकार सांभाळून अक्षर उभें करणें किती कठीण होतें, याचा विचार ते करीत नाहींत. आज पडदे तलम झाले, फाँट विपुल झाले. तरी अजून कितीतरी संकेतस्थळांवर बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापानें ठरविलेली असते आणि तींत मराठी शब्द घातला कीं रफार वरून कापला जातो व उकार खालून. करड्या पार्श्वभूमीवर त्याहून किंचित् गडद करडीं अक्षरें काढण्याची एक फॅशन आहे. तरुण डोळ्यांस ती सोज्ज्वळ वाटते. माझ्यासारख्यास भिंतीवरच्या ओलीसारखी दिसते. हे दोष कपटाचे नव्हेत, बेफिकिरीचे आहेत. रेखणाऱ्यानें वाचकाचा डोळा आपल्या डोळ्याहून निराळा असूं शकतो एवढें मनांत आणिलें नाहीं, इतकेंच. परंतु ज्यास मुळींच दिसत नाहीं, जो यंत्राच्या आवाजानें पान ऐकतो, त्याच्या दृष्टीनें ही बेफिकिरी म्हणजे बंद दार होय. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा साधनांपर्यंत पोहोंचतां येणें हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला, तेव्हां मांडणीचा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहिला नाहीं.

आतां बेफिकिरी सोडून कपटाकडे वळूं. त्यासाठीं सौंदर्याचा एक विलक्षण गुण ध्यानांत घ्यावा लागतो. १९९५ सालीं मासाआकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा या दोघां जपानी संशोधकांनीं बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रावरील बटणांच्या सव्वीस निरनिराळ्या मांडण्या लोकांपुढें ठेवल्या. कोणती सुंदर आणि कोणती वापरावयास सोपी, असें त्यांनीं विचारलें. ज्या मांडण्या सुंदर वाटल्या त्याच सोप्याहि वाटल्या. वस्तुतः त्या सोप्या होत्या कीं नाहीं याच्याशीं त्या मताचा संबंध थोडाच होता. इस्राएलमधील नोआम ट्रॅक्टिन्स्की यांस वाटलें कीं, हें जपानी सौंदर्यासक्तीचें फळ असावें, आपल्या रोखठोक देशांत असें होणार नाहीं. त्यांनीं तोच प्रयोग करून १९९७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि तेथेंहि तसेंच दिसून आलें.

हा प्रयोग वाचून मला मौज वाटली आणि थोडें भयहि वाटलें. कांटनें १७९० सालीं सौंदर्यानंदास निरपेक्ष म्हटलें. सुंदर वस्तु पाहतांना आपणांस तिच्यापासून कांहीं नको असतें, म्हणून तो आनंद शुद्ध. परंतु येथें असें दिसतें कीं, पाहणाऱ्याची निरपेक्षता हेंच त्याचें मर्मस्थान आहे. सुंदर पान पाहतांच आपण हत्यारें खालीं ठेवतों. हें सोपें असेल, हें भल्या माणसाचें असेल, असा विश्वास आपण त्या पानास आगाऊ देऊन टाकतों. कमावण्यापूर्वींच मिळालेल्या या विश्वासास मी ऋण म्हणतों. पान देखणें करणारा मनुष्य वाचकाकडून उसनें घेत असतो. आणि पान खरोखर सोपें निघालें, किंमत सांगितली तीच निघाली, परत फिरण्याची वाट सांपडली, म्हणजे तें फिटतें. उसनें घेऊन तें बुडविण्याच्या विद्येस २०१० सालीं हॅरी ब्रिग्नल या इंग्रज रेखनकारानें नांव दिलें: डार्क पॅटर्न. मराठींत त्यास फसवी मांडणी म्हणतां येईल.

हें ऋण बुडविणाऱ्याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे, आणि तो सांगावयास मला थोडी लाज वाटते. जुन्या नकाशांचीं व चित्रांचीं छायाचित्रें दाखविणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळावर मीं एका महिन्याची विनामूल्य सभासदी घेतली. तें पान इतकें सुंदर होतें कीं मीं तें घरांतल्या सर्वांस बोलावून दाखविलें. महिना संपतांच माझ्या खात्यांतून वर्षाची वर्गणी वजा झाली. सभासदी सोडण्याची वाट शोधूं लागलों तर त्या सुरेख पानांत ती कोठेंच दिसेना. शेवटीं एका करड्या ओळींतून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर गेलों. तेथें एक मोठें निळें बटण होतें, "सभासद राहा", आणि त्याखालीं फिक्या अक्षरांत, "मला ज्ञानाची आवड उरलेली नाहीं". सत्तरीला आलेल्या मनुष्यानें आपणांस ज्ञानाची आवड उरलेली नाहीं या वाक्यावर बोट ठेवावें, तेव्हां कोठें सुटका! रक्कम गेली त्याचें दुःख ओसरलें. ज्या पानाचें मीं कौतुक केलें होतें त्याच्याच कारागिरानें तें फिकें वाक्यहि तितक्याच कौशल्यानें रेखलें होतें, हें मात्र अजून सलतें.

हें कांहीं माझ्या एकट्याचें गाऱ्हाणें नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं या फसव्या मांडण्यांविषयीं मार्गदर्शक तत्त्वें जारी केलीं आणि त्यांत तेरा प्रकार नांवानिशीं सांगितले. खोटी घाई करणें, न सांगतां टोपलींत वस्तु सरकविणें, नकार देणाऱ्यास लाजविणें, वर्गणीच्या सांपळ्यांत अडकविणें, किंमत थेंबाथेंबानें उघड करणें, हे त्यांपैकीं कांहीं. काकूंच्या पानावरील लाल ओळ त्यांत पहिल्याच प्रकारांत बसते. अमेरिकेंत तेथील व्यापार आयोगानें २०२३ सालीं ॲमेझॉन कंपनीवर खटला भरला. सभासदी घ्यावयास एकदोनदां बोट दाबलें कीं पुरे. ती सोडावयाची तर चार पानें, सहा वेळां दाबणें आणि पंधरा पर्याय, अशी आयोगाची तक्रार होती. सोडण्याच्या या वाटेला कंपनींतील लोक 'इलियड' म्हणत, असेंहि तक्रारींत नमूद होतें. होमराच्या महाकाव्याचा असा उपयोग होईल असें कोणास वाटलें असेल! सप्टेंबर २०२५ मध्यें कंपनीनें आरोप कबूल न करतां अडीच अब्ज डॉलरांवर तडजोड केली. कायदा आपलें काम करील. परंतु चौदावा प्रकार शोधून काढणारा हुशार तरुण आज कोठें तरी बसलेला असेलच, आणि त्याच्या टेबलापर्यंत कायदा जात नाहीं. तेथें कांहीं पोहोंचत असेल तर त्याची स्वतःची लाज.

यावर कोणी म्हणेल, मग सौंदर्यच नको. सरळ काळ्यावर पांढरें करावें, मजकूर द्यावा आणि मोकळें व्हावें. बिआट्रिस वॉर्ड या विदुषीनें १९३० सालीं लंडनमध्यें मुद्रकांपुढें व्याख्यान देतांना चांगल्या छपाईस स्वच्छ कांचेच्या पेल्याची उपमा दिली. पेला दिसूं नये, मद्य दिसावें. ही उपमा मला आवडते, तरी ती पुरी पटत नाहीं. आमच्या पुण्यास सौंदर्यविरहित सरळपणाची मोठी परंपरा आहे. पुणेरी पाटीइतकें स्पष्ट रेखन जगांत क्वचितच सांपडेल. दुकान केव्हां बंद, कोणतें विचारूं नये, जिना कोणाचा नव्हे, हें ती एका वाक्यांत सांगते. पाहुण्याचा वेळ ती वांचविते, मालकाचा हेतु ती लपवीत नाहीं. तिच्या जागीं पाहुण्याविषयीं आदर आहे, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. पण तिनें कोणास फसविलें असें मीं ऐकलेलें नाहीं. गोड बोलून खिसा कापणाऱ्यापेक्षां तिरसटपणें खरें बोलणारा बरा, हें मान्य. परंतु तिरसटपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे. कित्येक कचेऱ्यांचीं संकेतस्थळें कुरूप असूनहि गोंधळांत टाकणारीं असतात. तेथें तर ऋणहि नाहीं आणि फेडहि नाहीं. देखणेपण हें पाहुण्यास दिलेलें पाट-पाणी आहे. काकूंकडे गेल्यावर त्या गूळपाणी पुढें करतात, तें भाजणी खपावी म्हणून नव्हे, आणि तें घेतल्यानें भाजणी घेणें भाग पडत नाहीं. पानावरील पितळी डबा असाच असावा.

भाच्यानें नंतर माझ्याशीं पुष्कळ वाद घातला, आणि त्याचें एक म्हणणें खरोखर विचारार्ह होतें. लक्ष्मी रस्त्यावरील साडीच्या दुकानांत काय होतें? तेथेंहि दिव्यांचा झगमगाट आहे, आरसे आहेत, गादीवर बसवून चहा देतात, पन्नास साड्या उलगडतात. शेवटीं भिडेनें बाई एखादी साडी घेतेच. मग संकेतस्थळानेंच काय पाप केलें? मीं पुष्कळ दिवस या प्रश्नाचा विचार केला. साडीच्या दुकानांत भीड आहे, खरी; परंतु ती दोहों बाजूंस आहे. उलगडणारा मनुष्य गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. बाईचें मन नाहीं, तिची ऐपत नाहीं, तिला घाई आहे, हें त्यास दिसतें, आणि तो फार ओढूं लागला तर भोंवतालच्या दहा डोळ्यांचें भय असतें. संकेतस्थळावर हा चेहरा नाहीं. तेथें एकाच पानाचीं दोन रूपें करून निम्म्या लोकांस एक आणि निम्म्यांस दुसरें दाखवितात, आणि ज्यानें विक्री अधिक झाली तें ठेवतात. विक्री अधिक कां झाली, लोकांस वस्तु आवडली म्हणून कीं परत फिरण्याची वाट दिसली नाहीं म्हणून, हें तो आंकडा सांगत नाहीं. कोणीहि दुष्टपणानें ठरविलें नसतांहि पान दिवसेंदिवस अधिक चतुर होत जातें. फसविणारा म्हणून बोट कोणाकडे दाखवावें तें कळत नाहीं, आणि ज्यास फसविलें त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नसतो.

म्हणून काकूंचा प्रश्न मला भाच्याच्या सर्व ग्रंथांहून मोलाचा वाटतो. दारांत आलेल्या बाईला मी असें सांगेन का? हा प्रश्न गेलेला चेहरा परत आणतो. "भाजणी ताजी आहे, थालिपीठ खुसखुशीत होतें, दिवाळीपूर्वीं मागणी फार असते" हें सर्व काकू दारांतील बाईस हसून सांगतील. ती विक्रीची बोली आहे आणि तींत कांहीं वावगें नाहीं. "तीनच उरल्या आहेत, आणि हा पाहा जिन्यांत एकवीस जणांचा घोळका उभा आहे", हें त्या सांगूं शकणार नाहींत, कारण बाई मान वळवून जिन्याकडे पाहील. आणि नको म्हणून ती निघाली तर काकू दाराची कडी लपवून ठेवणार नाहींत. मी भाच्यास एवढेंच सुचविलें कीं, आंत येण्याचें बटण ज्या आकाराचें आणि ज्या रंगाचें, त्याच आकाराचें आणि रंगाचें बाहेर जाण्याचें असावें. मग मधल्या जागेंत त्यानें वाटेल तेवढी कला करावी.

तो हंसला. "मामा, असं केलं तर गिऱ्हाइकं मला काम देणार नाहींत." यांत तथ्य आहे, आणि तें मी नाकारीत नाहीं. त्याच्या घरीं लहान मूल आहे, घराचे हप्ते आहेत. लाल ओळ लिहिणारा जेव्हां आपल्याच रक्ताचा निघतो तेव्हां नीतीचीं व्याख्यानें अंमळ हळू आवाजांत द्यावीं लागतात. तो म्हणतो कीं, दहा कामांपैकीं दोन तरी तो आपल्या मनाप्रमाणें करील. दोन हा आंकडा थोडा आहे कीं पुष्कळ, याचा निर्णय मी अजून करूं शकलों नाहीं.

काकूंचें काम मात्र त्या दोहोंपैकीं एक झालें. लाल ओळ गेली. वर्षाच्या वर्गणीची एक योजना त्यानें घातली होती, ती काकूंनीं स्वतः काढावयास लावली. "वर्षभर मी जगेन कीं नाहीं कोणास ठाऊक, आणि पैसे आधीं कशाला घ्यायचे?" "मागणी नोंदवा" या बटणांतील अनुस्वार कापला जात होता, तो भाच्यानें बटण उंच करून सावरला; त्यासाठीं त्यास सारी मांडणी दोन बोटें खालीं सरकवावी लागली आणि तो त्याबद्दल अजून कुरकुर करतो. पहिल्या महिन्यांत मागणी त्याच्या अपेक्षेच्या निम्मीहि आली नाहीं. दुसऱ्या महिन्यांत किंचित् वाढली. बाणेरच्या एका बाईनें चार पुड्या नेल्या आणि पुढच्या आठवड्यांत तिच्या बहिणीनें सहा. गेल्या सोमवारीं मीं पान उघडून पाहिलें. पितळी डबा रिकामा दाखविलेला होता, आणि त्याखालीं जावजींस आवडलीं असतीं अशा ठळक, स्वच्छ अक्षरांत काकूंनीं सांगितलेला मजकूर होता: "भाजणी संपली. बुधवारीं सकाळीं होईल. घाई असल्यास माळवाडींत दुसरीकडेहि चांगली मिळते."